आतला कोपरा

माझ्याकडच्या एका मनगटी घड्याळाची पाठ काचेची आहे आणि गेली नऊ वर्षे मी त्या काचेतून एकच जागा पुन्हापुन्हा पाहत आलो आहे. चक्रांना वरून धरून ठेवणारी जी धातूची पट्टी असते, जिला घड्याळ बनवणारे ब्रिज म्हणतात, तिच्या कडेला एके ठिकाणी आत वळलेला कोपरा आहे. पट्टीची कड सगळीकडून तिरपी तासून आरशासारखी उजळलेली आहे आणि या कोपऱ्यात दोन तिरप्या कडा जिथे भेटतात तिथे एक रेषा उमटली आहे. ती केसाहून बारीक आहे, पण दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावले तरी ती कुठेही बोथट होत नाही. फिरत्या पात्याने कोरणाऱ्या यंत्राला असा कोपरा साधत नाही, कारण पाते गोल असते आणि जिथे आत शिरते तिथे आपली गोलाई मागे ठेवून जाते. ती गोलाई काढायची तर माणसाला बारीक कानस हातात घ्यावी लागते, मग घासायचा दगड, मग लाकडाची काडी आणि तिच्या टोकावर हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट, आणि हे सारे करताना शेजारच्या पृष्ठभागाला जराही धक्का लागून चालत नाही. हात एकदा घसरला की ती संपूर्ण कड पुन्हा पहिल्यापासून.

हे घड्याळ मला एका वयस्क संग्राहकाकडून मिळाले. संधिवातामुळे त्यांच्या बोटांना चावीचे इवलेसे बटण धरता येईनासे झाले होते आणि जे घड्याळ स्वतःच्या हाताने चावी देऊन चालवता येत नाही ते आपल्याकडे असू नये, असे त्यांचे मत होते. घड्याळ माझ्या हाती देताना त्यांनी चावी मलाच द्यायला लावली, आणि बटण फिरताना बोटांना जो बारीक कटकट असा स्पर्श जाणवतो तो मला जाणवला की नाही, हे दोनदा विचारले. तोपर्यंत मी कारखान्यांत बनलेली घड्याळे जमवत होतो. मॉडेलचे क्रमांक, उत्पादनाची वर्षे आणि तबकडीवरच्या अक्षरांतले बारीकसारीक फरक मला तोंडपाठ होते, आणि त्या जमवाजमवीतही खरा आनंद होता. मात्र हे घड्याळ घरी आल्यावर इतर घड्याळांकडे पाहण्याची माझी नजरच बदलली, कारण यापूर्वी कोणतीही वस्तू पाहताना तिच्यावर वाकून बसलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला नव्हता.

वेळ पाहण्यासाठी अशा घड्याळाची काही गरज नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. अगदी साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, तर माझ्या घड्याळातले बॅलन्स व्हील, म्हणजे पुढेमागे झुलून चाल ठरवणारे चाक, तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच ठोके देते. अचूकतेच्या या स्पर्धेचा निकाल केव्हाच लागलेला आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानमध्ये सेइकोचे अ‍ॅस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आले, आणि पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातील कामगारांची संख्या सुमारे ९०,००० वरून साधारण एक तृतीयांशावर आली. कित्येक कारखाने बंद पडले, जुनी यंत्रे भंगारात निघाली, आणि ज्यांच्या बोटांत चार पिढ्यांची हातोटी होती अशा माणसांना दुसरी कामे शोधावी लागली. एका माणसाने एकट्याने बसून संपूर्ण यांत्रिक घड्याळ बनवावे ही कल्पना ज्या काळात सर्वांत वेडगळ वाटायला हवी होती, नेमक्या त्याच काळात ती नव्याने रुजली, आणि मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

ती रुजवणाऱ्यांत पहिले नाव जॉर्ज डॅनियल्स यांचे घ्यावे लागते. हे इंग्रज गृहस्थ जुन्या घड्याळांची, विशेषतः दोनशे वर्षांपूर्वीचे नामांकित घड्याळकार अब्राहम-लुई ब्रेगे यांच्या घड्याळांची दुरुस्ती करत करत घडले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्वतःचे पहिले खिशातले घड्याळ पूर्ण केले. आराखडा, बाहेरचे कवच, तबकडी, काटे, चक्रे असे जे जे एरवी वेगवेगळे कारागीर वाटून घेत, ते सारे त्यांनी एकाच छताखाली स्वतःच्या हाताने केले. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी को-अ‍ॅक्शियल एस्केपमेंट साकारली. एस्केपमेंट म्हणजे घड्याळाचा टिकटिक करणारा भाग, जो मुख्य स्प्रिंगची ताकद मोजून मापून पुढे सोडतो. नेहमीच्या रचनेत तिथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घसरतात, त्यामुळे तेल लागते, आणि तेल जुने झाले की घड्याळाची चाल बिघडते. डॅनियल्स यांनी ते घसरणेच जवळपास नाहीसे केले. मोठ्या कंपन्यांचे दरवाजे त्यांनी वर्षानुवर्षे ठोठावले, आणि अखेर १९९९ मध्ये ओमेगा या स्विस कंपनीने ती रचना आपल्या घड्याळांत आणली. एकट्या माणसाच्या बाकावर जन्मलेली कल्पना कारखान्यात जायला सुमारे पंचवीस वर्षे लागली.

रॉजर स्मिथ यांची हकिकत या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि तरीही ती मला कितीदा सांगितली तरी कमीच वाटते. मँचेस्टरमध्ये घड्याळविद्येचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाने डॅनियल्स यांनी लिहिलेले घड्याळनिर्मितीचे पुस्तक समोर ठेवून, कुणाच्याही मार्गदर्शनाशिवाय, टूर्बियाँ असलेले एक खिशातले घड्याळ बनवले. टूर्बियाँ म्हणजे एस्केपमेंटलाच एका पिंजऱ्यात बसवून गोल फिरवणारी योजना, जिचे पेटंट ब्रेगे यांना १८०१ मध्ये मिळाले होते. ते बनवणे हे विशीतल्या मुलाचे काम नव्हेच. १९९२ मध्ये तो ते घेऊन डॅनियल्स यांच्याकडे गेला. त्यांनी ते पाहिले आणि सांगितले की हे हाताने केल्यासारखे दिसते, परत जा आणि पुन्हा कर. घड्याळ हाताने बनवलेले असावे, पण ते जणू आपोआप घडून आले असावे, त्यावर कष्टाच्या खुणा दिसू नयेत, अशी त्यांची अपेक्षा होती. स्मिथ परतले आणि दुसऱ्या घड्याळाला लागले, या वेळी टूर्बियाँच्या जोडीला शाश्वत पंचांगाची, म्हणजे लीप वर्षाचाही हिशेब ठेवणारी रचना घेऊन. एक भाग बिनचूक जमला की आधीचे भाग त्याच्यासमोर फिके वाटत, म्हणून ते पुन्हा करायचे, आणि ते सुधारले की पुढचे उणे वाटत. अशी पाच वर्षे गेली. १९९७ मध्ये त्यांनी ते घड्याळ दाखवले तेव्हा डॅनियल्स यांनी भाग कुणी केले हे एकेक करून विचारले, आणि सगळे यानेच केले आहेत अशी खात्री पटल्यावर त्याला घड्याळकार म्हणून मान्यता दिली. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याला मदतीला बोलावून घेतले.

या गोष्टीतले मला सर्वाधिक भिडते ते पहिले घड्याळ. ते चालत होते. दुसऱ्या कुणीही ते पाहिले असते तर पाठ थोपटली असती. आपले काम चालते आहे, दिसायलाही चांगले आहे, आणि तरीही ते पुरेसे नाही हे बाविसाव्या वर्षी ऐकून घेणे आणि न रुसता पाच वर्षे खाली मान घालून बसणे, याला मी घड्याळाच्या कुठल्याही गुंतागुंतीच्या यंत्रणेपेक्षा अवघड मानतो.

हाताने घडवलेले घड्याळ दुर्मीळ असते म्हणजे काय, हे समजायलाही मला वेळ लागला. कारखाना जेव्हा मर्यादित संख्येची आवृत्ती काढतो तेव्हा ती संख्या बैठकीत ठरते आणि ठरवले असते तर ती दुप्पटही होऊ शकली असती. फिलिप द्युफूर यांच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. स्वित्झर्लंडच्या व्हाले द झू या खोऱ्यात राहणाऱ्या या घड्याळकाराने १९९२ मध्ये दर पाव तासाला तास आणि पाव तास दोन्ही आपोआप घंटानादाने सांगणारे मनगटी घड्याळ सादर केले, जे त्यापूर्वी मनगटाच्या आकारात कुणी आणले नव्हते. मग २००० साली त्यांनी फक्त तास, मिनिटे आणि छोटा सेकंद दाखवणारे सिंप्लिसिटी हे घड्याळ काढले. लपायला जागा नसलेले घड्याळ असे मी त्याला म्हणतो, कारण त्यात पाहण्यासारखे असते ते केवळ काम. धातूच्या कडा उजळण्यासाठी ते त्याच खोऱ्यात उगवणाऱ्या जेन्शियन या डोंगरी वनस्पतीच्या वाळलेल्या देठाची काडी वापरतात. असे मूळ मालिकेतले सुमारे २०० नग पूर्ण व्हायला दशकाहून अधिक काळ गेला. एका माणसाच्या दोन हातांतून आणि मोजक्या वर्षांतून तेवढेच निघू शकत होते.

माणसांच्या मोजक्या वर्षांची ही जाणीव त्या घड्याळकारांनाही आहे. स्वेंड अँडरसन आणि व्हिन्सेंट कालाब्रेसे यांनी १९८५ मध्ये स्वतंत्र घड्याळकारांची अकादमी स्थापन केली, तेव्हा एकेकटे काम करणाऱ्यांना निदान एकमेकांची ओळख आणि प्रदर्शनात एक टेबल मिळाले. पुढे द्युफूर यांनी रॉबर्ट ग्रुबेल आणि स्टीफन फोर्सी या घड्याळकारांसह मिशेल बुलांजे या पॅरिसमधल्या घड्याळविद्येच्या शिक्षकाला हातात घेतले, ते अशासाठी की स्वयंचलित यंत्रांशिवाय, जुन्या लेथवर आणि हाताच्या अवजारांनी पूर्ण घड्याळ कसे करतात हे निदान एका शिकवणाऱ्याला नखशिखान्त यावे. शिक्षकालाच शिकवायचे, म्हणजे विद्या त्याच्या वर्गापर्यंत पोहोचेल, हा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. २०२० मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड आणि फ्रान्समधल्या या यांत्रिक घड्याळांच्या कारागिरीची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली, ते उत्तमच झाले, पण नोंदीने बोटे तयार होत नाहीत.

आणि ही बोटे केवळ युरोपातच आहेत असेही नाही. जपानचे मासाहिरो किकुनो यांनी तर असे मनगटी घड्याळ केले जे आपल्याला ठाऊक असलेले तास दाखवतच नाही. जपानमध्ये १८७३ पूर्वी दिवसाचा उजेडाचा काळ आणि रात्रीचा अंधाराचा काळ यांचे प्रत्येकी सहा भाग करत, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसाचा प्रहर लांब आणि रात्रीचा आखूड होई, हिवाळ्यात याच्या उलट. किकुनो यांच्या घड्याळाच्या तबकडीवरच्या तासांच्या खुणा ऋतूबरोबर आपोआप जवळ येतात आणि दूर सरकतात. कुठलाही मोठा कारखाना या कल्पनेकडे ढुंकूनही पाहणार नाही, कारण असे घड्याळ हवे असणारी माणसे जगभरात मूठभरच निघतील. एकट्याने काम करणाऱ्याला मूठभर माणसे पुरतात.

माझ्या त्या घड्याळाकडे परत येतो. चौथ्या वर्षी ते दिवसाला अर्धा मिनिट मागे पडू लागले. तेल सुकले होते, आणि ज्यांनी ते बनवले होते त्यांच्याकडे ते पाठवणे हाच योग्य मार्ग होता, पण तिथे काही महिने वाट पाहावी लागेल हे कळल्यावर माझा धीर सुटला आणि मी ते एका दुरुस्ती करणाऱ्याकडे दिले. घड्याळ परत आले तेव्हा वेळ अचूक होती. भिंग लावले आणि माझ्या पोटात धस्स झाले. स्क्रू-ड्रायव्हर एका स्क्रूच्या खाचेतून घसरून थेट ब्रिजच्या तिरप्या कडेवरून गेला होता आणि त्या आतल्या कोपऱ्याच्या अलीकडे जेमतेम एक मिलिमीटरवर थांबला होता. निळ्या स्क्रूच्या डोक्यावर खाचेपाशी पांढरी चीर दिसत होती. दोष त्या माणसाचा होता तितकाच माझ्या उतावीळपणाचाही होता, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

ते घड्याळ ज्यांनी बनवले होते त्या घड्याळकारांना मी पत्र लिहिले आणि काय घडले ते काहीही न लपवता कळवले. त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते: घड्याळ घेऊन या, आणि येताना घाईत येऊ नका. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या ज्युरा डोंगररांगांमधल्या एका गावात, घराच्या वरच्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खिडकीशी त्यांचा बाक आहे. छातीपर्यंत येईल इतका तो उंच असतो, म्हणजे पाठ न वाकवता काम डोळ्यांच्या जवळ राहते. त्यांनी घड्याळ उघडले, भिंग लावले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला समजावले की ओरखडा काढायचा तर धातू काढावा लागतो, आणि धातू काढला की तिरपी कड तेवढ्या जागी रुंद होते. एकाच जागी रुंद झालेली कड डोळ्याला खुपते, म्हणून ब्रिजची संपूर्ण कड सगळीकडून तितकीच रुंद करावी लागेल. म्हणजे माझ्या एका उतावळ्या निर्णयापायी त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी केलेले सारे काम पुन्हा करायचे होते, आतल्या कोपऱ्यासह.

स्क्रू मात्र त्यांनी माझ्यासमोरच नवा केला. पितळेच्या छोट्या ताटलीत पितळेचाच कीस होता, त्यात घासून उजळलेला पोलादी स्क्रू उभा खोवला आणि ताटली खालून ज्योतीवर तापवायला घेतली. पोलाद प्रथम गवती पिवळे झाले, मग तपकिरी, मग जांभळे, आणि साधारण तीनशे अंश सेल्सियसच्या आसपास एका क्षणी निळे. तो क्षण निसटला तर निळा रंग फिका पडत राखाडी होतो आणि स्क्रू पुन्हा घासून सुरुवात करावी लागते. त्यांनी पहिला स्क्रू बाजूला ठेवला. मला तो अगदी व्यवस्थित दिसत होता. दुसराही ठेवला. तिसरा त्यांनी जुन्या स्क्रूंच्या शेजारी धरला, खिडकीकडे वळवून पाहिला आणि होकारार्थी मान हलवली. माझ्या लक्षात आले की निळा रंग कसा हवा हे जुने स्क्रू ठरवत होते. तीन स्क्रूंतला एक वेगळा दिसला असता तर तो कितीही सुंदर असला तरी चुकीचाच ठरला असता.

त्याच भेटीत मी काढलेल्या तबकडीखालची बाजू पहिल्यांदा पाहिली. ती बाजू काचेतून दिसत नाही, मालकाला आयुष्यात एकदाही दिसण्याचे कारण नाही. तिथेही प्रत्येक कड तिरपी करून उजळलेली होती आणि तिथेही एक आतला कोपरा होता, तसाच धारदार. मी विचारले की हा कुणासाठी. त्यांनी सांगितले की पुढे शंभर वर्षांनी जो कुणी हे घड्याळ उघडेल त्याला कळायला हवे की आपल्याला काळजीपूर्वक काम करायचे आहे.

तेव्हापासून तिजोरीत बंद करून ठेवलेल्या अशा घड्याळांबद्दल ऐकले की मला वाईट वाटते. भाव वाढेल या हिशेबाने घेतलेले, एकदाही चावी न दिलेले, पारदर्शक पातळ आवरणही न काढलेले घड्याळ लिलावात येते आणि त्याचे कौतुक होते ते त्याला कुणी वापरले नाही म्हणून. आत तेल आपल्या गतीने सुकतच असते. तासाला १८,००० म्हणजे दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला १५ कोटी ७६ लाख ८० हजार ठोके देण्यासाठी एका माणसाने त्याचे सांधे घासून गुळगुळीत केलेले असतात. ते ठोके पडलेच नाहीत तर त्याचे काम अर्धेच राहिले असे मला वाटते. संग्राहकाने घड्याळ वापरावे, वेळेवर योग्य हाती सोपवावे, त्याच्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवावी, आणि आपली बोटे थकली की त्या वयस्क गृहस्थांप्रमाणे ते पुढच्याच्या हाती द्यावे.

घड्याळ सात महिन्यांनी परत आले. भिंगातून पाहिले तर तिरपी कड पूर्वीपेक्षा किंचित रुंद आहे, सगळीकडे सारखीच, आणि कोपऱ्यातली रेषा पुन्हा तितकीच बारीक आहे. मी जुने फोटो शेजारी ठेवून पाहिले नसते तर मलाही फरक कळला नसता. घड्याळाबरोबर एक छोटी पत्र्याची डबी होती. तिच्यात कागदाच्या तीन घड्या, प्रत्येकीवर माझ्या घड्याळाचा क्रमांक आणि आतल्या भागाचे नाव त्यांच्या तिरक्या अक्षरात: बॅलन्स व्हीलचा आस, मुख्य स्प्रिंग, आणि निळे केलेले दोन स्क्रू. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते की त्यांचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे आणि यापुढे हे भाग ज्याला लागतील त्याने ते दुसरीकडे शोधत बसू नयेत. डबी मी घड्याळाच्या पेटीतच ठेवली आहे, आणि चिठ्ठीही तिच्यातच.